जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्यांची पारख



बोईसर स्टेशनावर उतरून सरावलीकडे निघालें कीं आज वाटेंत कारखाने, चाळी आणि मालमोटारी यांचीच दाटी दिसते. तारापूरचें अणुवीज केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, त्यामागून औद्योगिक वसाहत आली, आणि २०१४ सालीं ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु या गर्दीच्या आड अद्याप कांहीं जुनीं कौलारू घरें उभीं आहेत. अशा घरांत पितळेची समई सांपडते, भाताची कणगी सांपडते, आणि एखाद्या घरीं कुलुपबंद कपाटांत पणजोबांच्या वेळची दुनळी बंदूकही सांपडते.

गेल्या पावसाळ्यानंतर अशाच एका घरीं मला बोलावणें आलें. माझ्या स्नेह्यांचे आजोबा शिकारीचे शौकीन होते. त्यांची बंदूक पुढें मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे, म्हणजे माझ्या स्नेह्यांकडे, रीतसर परवान्यानिशीं आली. त्यांच्या चिरंजिवांनीं ती मोठ्या अभिमानानें माझ्यापुढें ठेविली आणि म्हटलें, "काका, नळ्या आंतून पहा, अगदीं आरशासारख्या आहेत. काडतूसही बरोबर बसतें. रानडुकरांनीं भात लोळविला आहे. निदान एक बार काढून पाहावयास काय हरकत आहे?"

या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास मला दोन महिने लागले. तें उत्तर आणि तें शोधण्याची रीत, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपल्या देशांत हौसेच्या शिकारीचे दिवस संपले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक बंधनें आलीं आणि १९९१ च्या दुरुस्तीनें उरलीसुरली वाटही बंद झाली. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराच्या बाबतींतही वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातांत असावी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. लग्नांत किंवा वरातींत बार उडविणें हाही २०१९ च्या दुरुस्तीपासून शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे. मग नळ्यांची पारख कशासाठीं, असें कोणी विचारील. याचें कारण असें कीं कायदा न मोडतांही बंदूक हाताळली जाते: परवानगी मिळालेला शेतकरी ती वापरतो, नेमबाजीच्या मैदानावर ती वापरली जाते, आणि घरांतील तरुणांस तिचा मोह तर नेहमींच पडतो. ज्यांच्या घरीं अशी बंदूक आहे त्यांना ती कशी ओळखावी हें ठाऊक असलेंच पाहिजे. कारण दुनळी फुटते तेव्हां ती बहुधा पुढच्या लांकडाजवळ फुटते, आणि बार काढणाराचा डावा हात नेमका तेथेंच असतो.

या बंदुका आपल्याकडे आल्या कशा? बडोद्याकडून येणारी रेल्वे १८६४ सालीं मुंबईपर्यंत पोंचली आणि पालघर-डहाणूचा पट्टा मुंबईला जोडला गेला. त्या काळीं या भागांतील रानें दाट होतीं; डोंगराकडे भेंकर, ससा आणि रानडुक्कर, तर खाजणांत हिंवाळ्यांत पाणपक्षी येत. वारली-कातकऱ्यांजवळ तीर-कामठा आणि फांसे होते. बंदूक मात्र १८७८ च्या शस्त्रकायद्यानें सरकारी परवान्याची वस्तु होऊन बसली, आणि म्हणूनच ती इनामदार-जमीनदारांच्या घरीं प्रतिष्ठेची खूण ठरली. माल बहुतेक विलायतेंतील बर्मिंगहॅमचा किंवा बेल्जममधील लिएज शहराचा असे. मुंबईंत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, कलकत्त्यास मँटन, रॉडा अशीं दुकानें तो विकीत. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर पुष्कळदां दुकानदाराचेंच नांव कोरलेलें असतें, तेव्हां त्या नांवावरून कारागीर ओळखूं जाऊं नये. स्वस्त बेल्जन बंदुकांवर तर नामांकित इंग्रज कारागिरांच्या नांवांशीं मिळतींजुळतीं नांवें मुद्दाम घातलेलीं आढळतात.

आतां प्रत्यक्ष पारखीकडे वळूं. पहिला नियम असा कीं, प्रत्येक बंदूक भरलेली आहे असें समजूनच ती हातांत घ्यावी. मागून उघडणाऱ्या दुनळींत खात्री करून घेणें सोपें आहे: खटका सरकवून नळ्या वांकवाव्या आणि काडतुसाचीं दोन्ही घरें रिकामीं आहेत हें डोळ्यांनीं पाहावें. ठासणीच्या बंदुकीचें तसें नाहीं. तिच्या तोंडासमोर न येतां, बाजूस राहून, लांकडी गज हलकेच आंत सोडावा. तो थांबेल तेथें नळीच्या काठाशीं त्यावर खूण करावी. मग गज बाहेर काढून, खूण काठाशीं जुळवून, नळीच्या अंगावर बाहेरून धरावा. गजाचें टोंक केप बसविण्याच्या बोंडीपर्यंत पोंचलें तर नळी रिकामी. चार बोटें अलीकडेच थांबलें तर आंत दारू आणि छर्रे आहेत असें समजावें. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनंतरही पेट घेते. अशी बंदूक घरीं रिकामी करण्याचा प्रयत्न करूं नये. तें काम जाणत्या आणि परवानाधारक कारागिराचें आहे.

बंदूक रिकामी आहे अशी खात्री झाल्यावर नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्या आणि त्यांचा पोत पाहावा. सरावलीच्या बंदुकीच्या नळ्यांवर तपकिरी आणि रुपेरी रंगाचीं बारीक वेटोळीं होतीं, जणूं कोणी पाण्यावर तेलाचे थेंब सोडून फिरविले आहेत. हिला डमास्कस नळी म्हणतात. आपल्या जुन्या तलवारींच्या पोलादांत जो जोहर दिसतो त्याची आठवण या नक्षीनें होते. परंतु दोहोंची घडण निराळी आहे. तलवारीचा जोहर हा मुशींत वितळविलेल्या पोलादाच्या अंगचाच गुण होय. या नळींत मात्र लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, पिळून त्यांचे गज करीत. ते गज एका सळईभोंवतीं वेणीसारखे गुंडाळीत आणि हातोड्यानें सांधीत. नंतर आंतून कोरून व बाहेरून घासून नळी तयार होई. म्हणजे डमास्कस नळी ही सबंध नळी नसून एक लांबलचक सांधा आहे, असें म्हटलें तरी चालेल.

या नळ्यांविषयीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, त्या सर्व मोडींत काढण्याच्या लायकीच्या. दुसरा म्हणतो, जुन्या कारागिराचें काम, त्याला काय होणार! दोन्ही मतें चुकीचीं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅम येथें निरनिराळ्या नळ्यांची मुद्दाम कसोटी घेतली, तींत उत्तम प्रतीच्या गुंडाळलेल्या नळ्या पोलादी नळ्यांच्या बरोबरीनें टिकल्या. तेव्हां घडण मुळांत दुबळी नव्हती. परंतु सांध्यांत कोठें भट्टींतील मळीचा कण अडकून राहिला असेल, तर शंभर वर्षांत गंज त्याच वाटेनें आंत शिरतो आणि तो बाहेरून दिसत नाहीं. शिवाय कांहीं हलक्या बंदुकांत साध्या नळीवर तेजाबानें ही नक्षी नुसती उमटविलेली असते. म्हणून पुढचें लांकूड काढल्यावर जो भाग झांकलेला असतो तेथें नक्षी तशीच सलग जाते कीं नाहीं हें पाहावें. नक्षी सुंदर आहे एवढ्यावरून नळीच्या बळाविषयीं कांहींच ठरत नाहीं.

नळीचा खरा वैरी गंज. आणि आपल्या किनाऱ्यावर तर त्याला दोन जोडीदार आहेत, पावसाळ्याची दमट हवा आणि समुद्राचा खारा वारा. तिसरा जोडीदार बंदुकीच्या पोटांतूनच येतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग धूर आणि क्षार यांच्या रूपानें मागें राहतो. हे क्षार हवेंतील ओल ओढून घेतात. जुन्या केपांतील क्लोरेट जळून जें लवण उरतें तें आपल्या मिठाचेंच भावंड होय. हे क्षार तेलांत विरघळत नाहींत, पाण्यांत विरघळतात. म्हणून जुने जाणते शिकारी बार काढल्यावर नळ्या प्रथम कढत पाण्यानें धूत, कोरड्या करीत आणि मगच तेलाचा हात फिरवीत. ज्यांनीं केवळ तेल लावून बंदूक चामड्याच्या पिशवींत घालून ठेविली, त्यांनीं क्षार आणि ओल दोन्ही आंत कोंडून ठेविलीं. अशा नळींत जी कीड लागते ती पुष्कळदां काडतुसाच्या घरापुढें चार-सहा बोटांवर, म्हणजे दाब बराच असतो तेथेंच सांपडते.

यानंतर शिक्के वाचावे. नळ्या उलट्या केल्या कीं मागच्या बाजूस दोन सपाट भाग दिसतात. बंदुकीची जन्मपत्रिका तेथें कोरलेली असते. विलायतेंत कोणतीही नळी विकण्यापूर्वीं तींत नेहमींहून भारी बार भरून तिची कसोटी घेत आणि ती टिकली तर शिक्का मारीत. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें कसोटीगृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. लिएजची परंपरा १६७२ पर्यंत मागें जाते आणि तेथील शिक्क्यांत लंबवर्तुळांत ई, एल, जी हीं अक्षरें असतात. बर्मिंगहॅमच्या जुन्या शिक्क्यांत मुकुटाखालीं एकमेकांवर तिरपे ठेविलेले दोन राजदंड आणि त्यांच्या कोनांत बी, पी, सी हीं अक्षरें दिसतात. हा शिक्का १९०४ पर्यंत चालला.

आमच्या स्नेह्यांच्या बंदुकीवर हेच राजदंड होते आणि शेजारीं एका चौकटीच्या आकारांत १२ चा आंकडा व सी हें अक्षर होतें. ही चौकट १८८७ पासून मारूं लागले. म्हणजे बंदूक १८८७ आणि १९०४ यांच्या दरम्यानची, हें कोणत्याही कागदपत्रावांचून समजलें. आणि एक गोष्ट तेथें नव्हती, तीही तितकीच बोलकी होती. नायट्रो नांवाच्या बिनधुराच्या दारूसाठीं वेगळी कसोटी १८९६ पासून सुरू झाली. तिचा शिक्का निराळा असतो आणि त्यांत तो शब्द किंवा एन, पी हीं अक्षरें असतात. तीं या नळ्यांवर कोठेंच नव्हतीं. या बंदुकीनें परीक्षा दिली होती ती काळ्या दारूची. आजचें काडतूस बिनधुराच्या दारूचें असतें.

शिक्के वाचून झाले कीं डोळ्यांचें काम सुरू होतें. नळ्या आधीं स्वच्छ कराव्या, कारण छर्ऱ्यांचें शिसें आणि तेलाची राप यांखालीं कीड लपते. मग उजळ खिडकीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे रोंख धरून नळींतून पाहावें. आंत उजेडाचीं वलयें दिसतात. तीं सारीं एकांत एक नीट बसलीं असतील तर नळी सरळ आणि गोल आहे. एखादें वलय एका बाजूस चेपलेलें दिसलें तर बाहेरून पोंचा आलेला असतो. वलयाभोंवतीं काळें कडें दिसलें तर तेथें नळी फुगली आहे असें समजावें. फुगवटा उगाच येत नाहीं. नळींत चिखल, चिंधी किंवा दुसरें कांहीं अडकलें असतां बार निघाला, हाच त्याचा अर्थ. बारा बोअरच्या नळींत चुकून वीस बोअरचें काडतूस घातलें तर तें पुढें घसरून अडकतें, त्यामागें बारा बोअरचें काडतूस बसतें, आणि मग काय होतें तें सांगावयास नको. एकाच पिशवींत दोन मापांचीं काडतुसें कधींही ठेवूं नयेत, हा नियम त्यांतूनच आला.

पोंचा आणि फुगवटा बोटांनांही कळतो. डोळे मिटून नळीवरून बोट हलकेच सरकवावें. डोळ्यांस न दिसलेली उंचसखल जागा बोटास लागते. दोन नळ्यांमधल्या पट्ट्या डाखानें जोडलेल्या असतात. तो डाख सुटला कीं आंत ओल जाते आणि जेथें कोणाचा हात पोंचत नाहीं तेथें गंज वाढतो. याची एक सोपी परीक्षा आहे. नळ्या मागच्या आंकड्यास दोरी बांधून अधांतरीं टांगाव्या आणि बोटाच्या पेरानें हलकेच ठोकाव्या. देवळांतील लहान घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर पट्ट्या घट्ट आहेत. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर कोठें तरी डाख सुटला आहे. मात्र हा नाद पट्ट्यांची साक्ष देतो, नळीच्या भिंतीची नव्हे, हें विसरूं नये.

येथपर्यंत सरावलीची बंदूक उत्तम उतरली होती. पोंचा नाहीं, फुगवटा नाहीं, नाद खणखणीत, आणि आंतला भाग खरोखरच आरशासारखा. चिरंजिवांच्या चेहऱ्यावर विजयाचें हास्य होतें. परंतु माझ्या मनांत शंका आली ती त्या आरशामुळेंच. शंभराहून अधिक वर्षें समुद्राजवळच्या हवेंत राहिलेली, काळी दारू खाल्लेली नळी आंतून इतकी लखलखीत कशी राहिली? मीं स्नेह्यांस विचारलें तेव्हां त्यांना आठवलें कीं, त्यांच्या लहानपणीं वडिलांनीं ती एका कारागिराकडून "नवी करून" आणविली होती.

नवी करणें म्हणजे काय? कीड काढावयाची तर खड्डा भरून येत नाहीं. त्याच्या आसपासचें लोखंड खड्ड्याच्या तळापर्यंत घांसून काढावें लागतें. नळी चमकूं लागते, पण तिची भिंत तितकीच पातळ होते. ज्या नळींत कीड दिसते ती निदान आपली व्यथा लपवीत नाहीं. घांसून उजळ केलेली नळी मात्र निरोगी माणसाचें सोंग घेऊन बसते.

म्हणून अखेरची परीक्षा मोजमापाची, आणि ती घरीं होत नाहीं. स्नेही आपला परवाना आणि बंदूक घेऊन मुंबईंतील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे गेले; मीही बरोबर होतों. तेथें मापें घेतलीं. बारा बोअर या शब्दाचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा व्यास भरतो .७२९ इंच, तेवढ्या व्यासाची नळी ती बारा बोअर. म्हणून आंकडा वाढेल तशी नळी बारीक होते; वीस बोअर ही बाराहून लहान. काडतुसाच्या बाजूनें नऊ इंचांवर व्यास मोजण्याचा प्रघात आहे. १२ चा शिक्का असलेल्या जुन्या नळीचा व्यास तेथें .७४० इंच झाला, म्हणजे सुमारें एक शतांश इंचानें वाढला, कीं तिची जुनी कसोटी संपली असें विलायती नियम मानतो. शिक्का राहतो, पण त्याचा अधिकार जातो. आमच्या नळीचा व्यास भरला .७४४.

त्याहून महत्त्वाचें माप भिंतीच्या जाडीचें. यास एक लांब बाहूचें खास मापक लागतें, कारण जाडी एका ठिकाणीं मोजून चालत नाहीं. नळीभर फिरवून सर्वांत पातळ जागा शोधावी लागते. नळीच्या मधल्या आणि पुढच्या भागांत वीस सहस्रांश इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर, याहून पातळ भिंत जाणते कारागीर धोक्याची समजतात. काडतुसाच्या घराजवळ तर भिंत याच्या कितीतरी पट जाड असावी लागते. किडलेल्या नळींत खड्ड्याची खोली या जाडींतून वजा करावी: भिंत पंचवीस आणि खड्डा आठ, तर हातीं उरले सतरा. आमच्या डाव्या नळींत पुढच्या भागीं खड्डा एकही नव्हता, पण भिंतच सतरा उरली होती, आणि तीही एका बाजूस. समोरची बाजू चांगली जाड होती. घांसणाराचा हात एका अंगास कलला होता. विक्रेत्यानें मापक खालीं ठेविलें आणि एवढेंच म्हटलें, "ही आतां भिंतीवरच शोभेल."

आणखी एक माप घेतलें, काडतुसाच्या घराच्या लांबीचें. चिरंजिवांनीं मला सांगितलें होतें कीं काडतूस बरोबर बसतें. बसतें हें खरें. परंतु काडतुसावर छापलेली लांबी ही त्याचें तोंड उघडल्यानंतरची असते. जुनीं घरें बहुधा अडीच इंचांचीं, म्हणजे पासष्ट मिलिमीटरच्या काडतुसासाठीं केलेलीं. आज सर्रास मिळणारें काडतूस सत्तर मिलिमीटरचें. दुमडलेल्या तोंडानें तें जुन्या घरांत निमूटपणें शिरतें. बार निघतांना दुमड उलगडते, पुढें पसरावयास जागा नसते, तोंड आवळलेलें राहतें आणि मागें दाब वाढतो. घर तपासल्यावांचून "बसतें म्हणून चालतें" असें म्हणणें हा या विषयांतील सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा भ्रम आहे.

दाबाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. युरोपांतील आजच्या संकेताप्रमाणें बारा बोअरच्या साध्या काडतुसाचा कमाल दाब ७४० बार आणि भारी काडतुसाचा १०५० बार धरतात. एक बार म्हणजे ढोबळ मानानें हवेच्या दाबाएवढा. काळ्या दारूची कसोटी उतरलेल्या नळीस या आंकड्यांचें वचन कोणीं दिलेलें नाहीं. ठासणीच्या बंदुकींत तर धोका याहून मोठा. तींत दारू मापट्यानें मोजून घालतात. तेंच मापटें बिनधुराच्या दारूनें भरलें तर नळी ती बहुधा सोसणारच नाहीं, कारण दोन दारूंचें बळ मापट्यानें सारखें होत नाहीं.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशास? बंदूक झाडास बांधावी, चापास लांब दोरी लावावी, आणि बार काढून पाहावा. टिकली तर चांगली! हा उपाय ऐकावयास व्यवहारी वाटतो. परंतु त्यानें एवढेंच कळतें कीं नळी एकदां टिकली. पातळ भिंत दर बारास थोडी ताणते, अदृश्य चीर दर बारास थोडी पुढें सरकते. दोरीच्या टोंकास टिकलेली नळी दहाव्या बारास हातांत फुटूं शकते. कसोटीगृहांत भारी बार काढतात, पण त्याच्या आधीं आणि नंतर मापें घेऊन नळी वाढली कीं काय हें पाहतात. दोरी बांधणारा तें पाहत नाहीं. दोन बारांनीं सिद्ध होतें तें नशीब, नळी नव्हे.

तर मग अशा बंदुकीचें करावें काय? वाटा तीन आहेत. नळ्या सर्व मापांत उतरल्या, तर योग्य लांबीचें, हलक्या दाबाचें काडतूस जाणत्या कारागिराच्या सल्ल्यानेंच वापरावें. मापें जेमतेम असतील तर संशयाचा फायदा बंदुकीस देऊं नये, हातास द्यावा. आणि मापें उतरलींच नाहींत तर ती वडिलोपार्जित वस्तु म्हणून जतन करावी. पण जतन करावयाची म्हणजे कायद्याबाहेर ठेवावयाची असें नव्हे. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें जुनाट किंवा नादुरुस्त शस्त्रास सवलत आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाहीं अशा शस्त्रापुरती; आपली बंदूक तशी आहे कीं नाहीं हें आपण ठरवावयाचें नसून अधिकाऱ्यांस विचारावयाचें. परवानाधारक वारला तर शस्त्र पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें आणि वारसानें रीतसर अर्ज करावा. २०१६ च्या नियमांनीं एक सोयही केली आहे: परवानाधारकाचें वय सत्तर झालें किंवा शस्त्र पंचवीस वर्षें त्याच्याजवळ असलें, तर हयातींतच तें कायदेशीर वारसाच्या नांवें करण्यासाठीं अर्ज करतां येतो.

आणि जतन करतांना आपली हवा विसरूं नये. बंदूक लोकरी किंवा चामडी वेष्टणांत गुंडाळून ठेवूं नये. पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां नळ्या पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. उभी ठेवावयाची तर तोंड खालीं करून ठेवावी, म्हणजे जादा तेल दस्त्याच्या लांकडांत मुरत नाहीं. काडतुसें बंदुकीशेजारीं ठेवूं नयेत, आणि दोहोंच्या किल्ल्या एका खिळ्यास टांगूं नयेत.

मुंबईहून परत येतांना गाडींत चिरंजीव बराच वेळ गप्प होते. पालघर स्टेशन गेल्यावर त्यांनीं विचारलें, "काका, मग पणजोबांनीं एवढीं वर्षें ती कशी वापरली?" मीं म्हटलें, पणजोबांनीं वापरली ती निराळी बंदूक होती. तिची भिंत पुरी होती, दारू काळी होती, आणि दर बारानंतर तिला कढत पाण्याचें स्नान मिळत होतें. नांव तेंच आहे, नक्षी तीच आहे. मधल्या काळांत लोखंड मात्र झिजून गेलें. स्नेह्यांनीं वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज केला, शेताला कुंपण घातलें, आणि बंदुकीच्या बाबतींत पुढें काय करावें याची विचारणा करणारें पत्र अधिकाऱ्यांस लिहिलें.

ज्यांच्या घरीं अशी दुनळी असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. नक्षी पाहून भुलूं नये, नांव वाचून भुलूं नये, आणि आंतल्या लखलखाटास तर मुळींच भुलूं नये. शिक्का वाचावा, माप घ्यावें, आणि माप मिळेपर्यंत चापास बोट लावूं नये. आजोबांची आठवण जपावयास बार काढण्याची गरज नाहीं. ती आठवण सांगावयास घरांतील मुलांचे डोळे आणि हात शाबूत असले म्हणजे पुरे.